पगाराची फाईल पडते कुठे : एका टॉवेल कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. टेरी टॉवेलचा कारखाना, ऑफिसात तीन संगणक. काम : पगारपत्रकाची एक्सेल फाईल आणि तिच्याभोवतीच्या तक्रारी. नोंदी जशा वहीत होत्या तशा, कारखान्याची ओळख तेवढी काढून टाकली आहे.

५ जानेवारी २०२६, सोमवार

कारखान्याचे मालक अण्णा, त्यांची तक्रार एका वाक्याची : "एक्सेल बिघडलंय, काढून नवीन टाका की." नवीन टाकण्याआधी काय बिघडलंय ते बघायला गेले.

ऑफिस लूमशेडला लागूनच आहे, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. प्रत्येकाला विचारलं, नेमकं काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा. पगाराच्या नोंदी करणाऱ्या अक्का म्हणाल्या, फाईल भरता भरता आधी चौकटी काळ्या होतात, मग वरची बटणं गायब होतात, मग सगळंच बंद पडतं. मुनीमकाकांचं म्हणणं वेगळं : "माझ्याकडं बंद-बिंद काही पडत नाही. खाली सरकवलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. क्लिक केलं की परत जागेवर." शिवाय रातपाळीच्या तासांच्या रकान्यात नुसत्या जाळ्या दिसतात (#### ला काकांचा शब्द). धाकट्या मालकांच्या लॅपटॉपवर कामगारांची नावंच वाचता येत नाहीत. आणि फाईल उघडायला लागणारा वेळ सगळ्यांना मान्य : चहा मागवायचा, पिऊन व्हायचा, मग उघडते.

या सगळ्याचं तिथलं नाव एकच, ‘एक्सेल बिघडलंय’. मला ते पटत नाही. एकाच आजाराची लक्षणं तीन यंत्रांवर इतकी वेगवेगळी दिसत नाहीत.

आज फाईलला हात लावला नाही. तिची प्रत काढली, नावात तारीख घातली, पेनड्राइव्हवर घेतली आणि मूळ फाईल केवळ वाचण्यापुरती करून ठेवली.

६ जानेवारी, मंगळवार

दिवसभर जोड्या लावल्या. अक्कांची फाईल काकांच्या यंत्रावर, काकांची जीएसटीची फाईल अक्कांच्या यंत्रावर, दोन्ही फाईली लॅपटॉपवर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

ओळी चढण्याचा प्रकार काकांच्या यंत्रावर कुठल्याही फाईलमध्ये होतो, अगदी कोऱ्या शीटमध्ये आकडे भरून सरकवलं तरी. म्हणजे फाईल निर्दोष. जाळ्या तिन्ही यंत्रांवर, त्याच रकान्यात, त्याच ओळींत. म्हणजे यंत्रं निर्दोष. उघडायला उशीर तिन्हीकडे, पण फक्त पगाराच्या फाईलला. नावांचा घोळ फक्त लॅपटॉपवर. आणि बंद पडणं फक्त अक्कांच्या यंत्रावर, फक्त पगाराच्या फाईलमध्ये, आणि मी बसले होते तोवर एकदाही नाही! नुसतं उघडून ठेवलं, वरखाली सरकवलं, छापून पाहिलं. काही झालं नाही.

अक्का म्हणाल्या, "ते शनिवारीच पडतं. पगार भरताना. आणि अर्ध्यावर आल्यावरच."

हे वाक्य वहीत अधोरेखित केलं आहे.

अक्कांच्या विंडोज १० वरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन, तिथे १००० क्रमांकाच्या नोंदी शोधायच्या. प्रोग्राम कोसळला की विंडोज तिथे लिहून ठेवतं, कोसळताना कुठला मॉड्यूल (प्रोग्रामचा भाग) चालू होता तेही. मागच्या बऱ्याच शनिवारांच्या नोंदी सापडल्या. मॉड्यूल मात्र प्रत्येक वेळी निराळा. कधी खुद्द एक्सेल, कधी विंडोजची चित्रं काढणारी लायब्ररी, एकदा तर छपाईचा भाग. दर वेळी वेगळा पडतोय याचा अर्थ पडणारा दोषी नाही. त्याच्या वाट्याचं काहीतरी दुसऱ्यानेच आधी संपवलंय.

अण्णांना हे सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "टॉवेलवर दोष दिसला म्हणून आम्ही लगेच विणकराला धरत नाही. आधी बीम बघतो." (बीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला मागाचा रूळ.) मला दिवसभर जे समजावता येत नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं.

७ जानेवारी, बुधवार

काकांचा पडदा. त्यांना दोन मॉनिटर आहेत, जुना चौकोनी आणि धाकट्या मालकांनी आणलेला नवा रुंद. दोघांचं स्केलिंग (अक्षरं किती मोठी दाखवायची ते) वेगळं, एक १०० टक्के, दुसरा १२५. एक्सेलची खिडकी रुंद मॉनिटरवर असली की ओळी चढतात, जुन्यावर ओढली की कमी होतं. केबल काढून एकच ठेवला, तरी रुंदवर थोडं उरतंच.

एक्सेल २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या पडद्यावरचं रंगकाम ग्राफिक्स चिपकडे सोपवतात. चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारा प्रोग्राम) जुना असेल तर सरकवताना जुनी ओळ पुसायची राहते आणि तिच्यावरच नवी येते. क्लिक केल्यावर तो तुकडा पुन्हा रंगवला जातो, म्हणून क्लिकने ‘बरं’ होतं. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे डिस्प्लेखाली ‘डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ वर खूण केली. एक्सेल बंद करून उघडलं. ओळी जागेवर.

त्याच ऑप्शन्समध्ये जनरलखाली एकाहून जास्त पडद्यांसाठी दोन पर्याय असतात : उत्तम दिसण्यासाठी की सुसंगतीसाठी. काकांना अक्षरं किंचित पुसट चालतील, चढलेल्या ओळी चालणार नाहीत. दुसरा पर्याय दिला. ड्रायव्हर नवा घालायचं काम वेगळं लिहून ठेवलं, कारण एकाच दिवशी दोन औषधं दिली तर गुण कशाचा आला ते कळत नाही. (एक्सेलच्या अलीकडच्या सबस्क्रिप्शनवाल्या आवृत्त्यांत ही खूण सापडत नाही. इथे २०१६ ची आवृत्ती असल्याने सापडली.)

काकांनी लगेच खतावणी उघडून वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली, मग खालून वर. मग म्हणाले, "आता जाळ्यांचं बघा."

८ जानेवारी, गुरुवार

जाळ्या. सगळ्यांचा पहिला उपाय रकाना रुंद करणे, आणि आकडा मावत नसेल तर तो बरोबरच असतो. इथे रकाना अर्ध्या पडद्याएवढा रुंद करून ठेवला होता आणि जाळ्याही तेवढ्याच लांब झाल्या होत्या. फाईलची प्रत माझ्या लॅपटॉपवरच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली. जिथे एक्सेल जाळ्या दाखवतं तिथे कॅल्कने उणे सोळा तास दाखवले.

उलगडा झाला. रातपाळी रात्री ११ ते सकाळी ७. सूत्र साधं : सुटण्याची वेळ वजा येण्याची वेळ. सातातून तेवीस गेले, उणे सोळा. एक्सेलच्या नेहमीच्या १९०० च्या तारीख पद्धतीत उणे वेळ नसतेच, म्हणून ते जाळ्या काढतं, रकाना कितीही रुंद करा. वजाबाकीभोवती मॉड (भागाकाराची बाकी देणारं फंक्शन) घालून भाजक १, म्हणजे एक दिवस, दिला. उणे सोळा तासांचे आठ तास झाले. दिवसपाळीला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून एकच सूत्र दोन्हीकडे.

काकांनी विचारलं, मग इतके दिवस रातपाळीचे तास कुठून धरले? अक्का म्हणाल्या, हाताने आठ लिहीत होते. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही पुढच्या कामाला लागले.

लॅपटॉपवरची नावं. जुने कामगार जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. अशा फॉन्टमध्ये फाईलच्या आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गेला आणि आतलं दिसलं. यात दुरुस्त करण्यासारखं बिघडलेलं काहीच नाही, फक्त नावं युनिकोडमध्ये आणायची आहेत. अवघड भाग पुढेच आहे : अर्धी नावं नव्या कीबोर्डवर टाइप केलेली, अर्धी जुनी, त्यामुळे शोधताना एकच माणूस दोन वेळा सापडतो किंवा सापडतच नाही. नुसतं रूपांतर करून चालणार नाही, प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावं लागेल. आडनावं बहुतेक तेलुगू वळणाची आहेत, तिथे रूपांतर करणारा प्रोग्राम जोडाक्षरांत हमखास गडबडतो. हे काम काकांचंच, त्यांना सगळी घरं ठाऊक आहेत.

१० जानेवारी, शनिवार

पगाराचा दिवस. सकाळपासून अक्कांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

यादीत ११८ नावं. विणकरांचा हिशेब उतरलेल्या मालावर, शिलाईच्या बायकांचा डझनावर, बाकीच्यांची हजेरी. अक्का एक रकाना वरून खाली भरत जातात, मग पुढचा. आकडा, एंटर, आकडा, एंटर. प्रत्येक एंटरनंतर क्षणभर वाळूचं घड्याळ.

साठाव्या नावाच्या आसपास एका चौकटीची किनार काळी झाली. मग सूत्राची पट्टी पांढरीफटक. सत्तरच्या पुढे वरच्या बटणांवरची चित्रं नाहीशी झाली, नुसत्या रिकाम्या जागा. अक्का शांतपणे म्हणाल्या, "आता पडणार बगा." ऐंशीच्या अलीकडे पडलं.

त्यांना याची इतकी सवय झाली आहे की त्या दर दहा नावांनी सेव्ह करतात. ऑफिसात याला एक स्पष्टीकरणही होतं : पडतं त्या जागी एका ठरावीक विणकराची ओळ आहे, त्या ओळीतच दोष असणार. म्हणून त्याची ओळ खोडून पुन्हा लिहिली गेली, त्याचं नाव यादीत खाली नेलं गेलं, मग पुन्हा वर आणलं गेलं. बिचाऱ्याला याची कल्पनाही नाही.

पुन्हा उघडल्यावर उरलेली चाळीसेक नावं विनातक्रार भरली गेली. काळी चौकट एकही नाही.

म्हणजे प्रश्न ओळीचा नाही, एंटरच्या संख्येचा आहे. काहीतरी मोजून संपतंय आणि एक्सेल बंद केलं की पुन्हा भरतंय.

विंडोजमध्ये असं मोजून मिळणारं एक खातं आहे : जीडीआय ऑब्जेक्ट्स. फॉन्ट, ब्रश, पेन, चित्राचा तुकडा, पडद्यावर काढायच्या प्रत्येक गोष्टीसाठी प्रोग्राम विंडोजकडून एक हँडल (टोकनसारखा क्रमांक) घेतो आणि काम झालं की परत करतो. एका प्रोग्रामला एका वेळी १०,००० ची मर्यादा असते. घेतलेलं परत केलं नाही तर मर्यादा गाठली जाते, आणि मग नवी चौकट काढायला हँडलच मिळत नाही. चौकटी काळ्या, बटणं गायब, शेवटी कोसळणं, अगदी याच क्रमाने.

टास्क मॅनेजर, डिटेल्स, मथळ्यावर उजवं क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, तिथे जीडीआय ऑब्जेक्ट्सवर खूण. रकाना उघडा ठेवला. एक्सेल ताजं उघडल्यावर सहाशेच्या आसपास. एका एंटरला सातशेच्या पुढे. दुसऱ्या एंटरला आठशेच्या पुढे.

१०,००० वजा ६००, भागिले ११८. एकोणऐंशी-ऐंशी येतात. भागाकार अक्कांना दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकशे अठरा ओळींतला प्रत्येक माणूस दर एंटरला एक खातोय?" याहून नेमकं मलाही लिहिता आलं नसतं.

११ जानेवारी, रविवार

घरी, जुळे सोलापूर. ‘खातंय कोण’ याचे दोनच उमेदवार. फाईलच्या प्रत्येक ओळीत शेवटी एक चौकट आहे, रक्कम अक्षरी. दिवाळीच्या बोनसच्या वेळी पावतीवर अक्षरी रक्कम हवी म्हणून एक अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवलं होतं, आकड्याचे मराठी शब्द करणारं. पडणं सुरू झालं तेही तेव्हापासूनच, असं आता काका सांगतात. आधी का नाही सांगितलं ते विचारलं नाही. ‘काही नवीन बसवलंय का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण लोकांच्या लेखी अ‍ॅड-इन म्हणजे काही नवीन नसतंच.

पण अ‍ॅड-इन एका ओळीसाठी बोलावलं जायला हवं, ज्या ओळीत आकडा बदलला तिच्यासाठी. सगळ्या ११८ साठी का? याचं उत्तर सूत्रांत सापडलं. दर आठवड्याचं वेगळं शीट, आणि पगाराचं सूत्र इनडायरेक्ट वापरून चालू आठवड्याच्या शीटचं नाव शोधतं. इनडायरेक्ट हे व्होलटाइल फंक्शन आहे : फाईलमध्ये कुठेही काही बदललं की ते पुन्हा हिशेब करतं, त्याच्याशी संबंध असो वा नसो. ऑफसेट, नाऊ, टुडे, रँड हेही त्याच जातीचे. म्हणून एका एंटरला ११८ पगार नव्याने, आणि त्यांच्यावर अवलंबून ११८ अक्षरी रकमा नव्याने. एकट्या इनडायरेक्टने फाईल मंद झाली असती, एकट्या अ‍ॅड-इनने महिन्यातून एखाद्या वेळी त्रास दिला असता. दोघांची गाठ पडली.

१२ जानेवारी, सोमवार

अंदाज पुरावा नसतो, म्हणून आज तीन छोट्या परीक्षा.

एक : कंट्रोल दाबून धरून एक्सेल उघडलं, म्हणजे सेफ मोड, अ‍ॅड-इनशिवाय. अक्षरी रकान्यात ‘नेम’ची एरर, ती यायचीच. भरपूर आकडे भरले, जीडीआयचा आकडा सहाशेच्या आसपास जागेवर.

दोन : नेहमीच्या मोडमध्ये, अ‍ॅड-इन चालू, पण फॉर्म्युलाज टॅबवरून हिशेब मॅन्युअल केला. आकडे भरत गेले, खातं हललं नाही. एफ९ दाबलं, म्हणजे हिशेब करायला लावला, ११८ च्या आसपास उडी. पुन्हा एफ९, पुन्हा तेवढीच.

तीन : अक्षरी रकान्यातल्या पन्नास ओळी सोडून बाकी सगळ्या पुसल्या. उडी पन्नासवर आली.

आता शंका नाही. धाकट्या मालकांनी इंटरनेटवर वाचलं होतं की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) ही मर्यादा वाढवता येते. येते. पण गळका हौद मोठा केल्याने गळणं थांबत नाही, आणि ती नोंद चुकीची बदलली तर सगळ्या यंत्राला भोगावं लागतं. मी नको म्हणाले. अ‍ॅड-इन देणाऱ्याला काकांनी फोन लावला, तो म्हणाला यंत्राची रॅम वाढवा. रॅमचा आणि या खात्याचा संबंध नाही. अ‍ॅड-इन काढायचं ठरलं.

दुपारी निम्मा कारखाना रिकामा होता. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली.

१३ ते १५ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, अक्षता सोहळा, कारखाना बंद. सोलापुरात या दिवसांत कुणी कुणाला कामाचं विचारत नाही, म्हणून फाईल नव्याने बांधायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. संध्याकाळी यात्रेत, रात्री फाईल.

आधी जुनी फाईल उघडायला वेळ का घेते ते शोधलं. एक्सेलची आजची फाईल म्हणजे एक झिप असते. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि उलगडलं. १९ एमबीची फाईल २०० एमबीच्या पुढे गेली, आणि त्यातलं बहुतेक वजन ड्रॉइंग्जच्या फोल्डरमध्ये. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन उघडला तर एकेका शीटवर हजारो ‘पिक्चर’, सगळी शून्य उंचीची. कधीतरी बँकेच्या पानावरून खातेउतारा थेट चिकटवला गेला, त्या पानावरची बारीक चित्रं सोबत आली. ओळी खाली कॉपी झाल्या की चित्रंही कॉपी, शीटची नक्कल केली की पुन्हा कॉपी. दिसत काहीच नाही, वजन मात्र दर आठवड्याला वाढतं.

त्यात भर कंडिशनल फॉरमॅटिंगची. ‘उचल पगाराहून जास्त असेल तर लाल’ हा एकच नियम, पण ओळी घालून, कापून, चिकटवून त्याचे शेकडो तुकडे झालेले. आणि कंट्रोल-एंड दाबलं की कर्सर माणसांच्या शेवटच्या ओळीवर न जाता हजारो ओळी खाली जाऊन बसतो. तिथे कुणीतरी कधीतरी किनारी आखून ठेवल्या होत्या.

जुनं घासूनपुसून वापरण्यात अर्थ नव्हता. कोरी फाईल घेतली. जुन्यातून फक्त मूल्यं आणली, पेस्ट स्पेशलने. शीट उचलून नव्या फाईलमध्ये नेलं असतं तर जुन्या स्टाइल्स, नावं, चित्रं, सगळं बिऱ्हाड सोबत आलं असतं. काही सूत्रं आणावी लागली, ती नेहमीप्रमाणे जुन्या फाईलकडे बोट दाखवत आली. डेटा टॅबवरच्या एडिट लिंक्समध्ये चेंज सोर्स करून नव्या फाईललाच स्रोत दिला, बोटं वळली.

आठवड्याला एक शीट ही पद्धत बंद. आता एकच लांब नोंदवही : तारीख, कामगार क्रमांक, विभाग, माल, उचल. पगाराचं शीट सम-इफ्सने त्या आठवड्याची बेरीज उचलतं. इनडायरेक्ट कुठेही नाही. काकांना भीती होती की एकाच शीटमध्ये सगळं घातलं तर ते भरून जाईल. ११८ माणसं, ५२ आठवडे, वर्षाला ६,१३६ ओळी. शीटला १०,४८,५७६ ओळी असतात. १७० वर्षं पुरतील, तोवर टॉवेल विणायला कोण असेल कुणास ठाऊक.

नवी फाईल ८०० केबीच्या आत.

१६ जानेवारी, शुक्रवार

अक्षरी रक्कम, अ‍ॅड-इनशिवाय. इंग्रजीत पंचवीस-तीस शब्द दिले की बाकीचे जोडून होतात. आपल्याकडे ते जमत नाही : पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, प्रत्येकाचं रूप स्वतंत्र. १ ते ९९ ची पूर्ण यादीच हवी. काकांना वेगळ्या शीटवर लिहायला बसवलं. एकदाही न थांबता ते नव्व्याण्णवपर्यंत गेले. लिहून झाल्यावर मी ‘त्र्याण्णव’ तपासायला गेले तर म्हणाले, "ते बघू नका, ‘एकोणऐंशी’ बघा, तिथं लोक चुकतात."

मग सूत्र. रकमेतून इंट आणि मॉडने लाख, हजार, शेकडा आणि उरलेले वेगळे करायचे, प्रत्येकाला इंडेक्सने यादीतला शब्द द्यायचा, मध्ये ‘लाख’, ‘हजार’, ‘शे’ जोडायचे. ४,१७९ चे चार हजार एकशे एकोणऐंशी. अडलं ते शंभरवर. नुसत्या १०० ला सूत्र ‘एकशे’ म्हणत होतं. काकांनी नियम सांगितला : शेकडा एक असेल आणि मागे काही उरत नसेल तर शंभर, नाहीतर एकशे. तसं इफ घातलं. पैसे छापत नाहीत, पगार राउंड करूनच देतात, पण मग राउंड सूत्रातच हवा, दिसण्यापुरता नको. नाहीतर पावतीवरच्या रकमांची बेरीज आणि खालची एकूण रक्कम यांत रुपयाचा फरक येतो आणि काकांची रात्र जाते.

अ‍ॅड-इन काढलं. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली कॉम अ‍ॅड-इन्स निवडून गो, खूण काढली. मग कंट्रोल पॅनलमधून पूर्ण अनइन्स्टॉल.

छपाईचंही एक निघालं. अक्कांच्या यंत्रावर डीफॉल्ट प्रिंटर म्हणून गोदामातला नेटवर्कचा प्रिंटर लावलेला, जो बराच काळ बंद आहे. पानाची मांडणी ठरवायला एक्सेल डीफॉल्ट प्रिंटरला विचारतं आणि तो उत्तर देईना की थांबून राहतं. ऑफिसातला प्रिंटर डीफॉल्ट केला.

अक्कांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. चटणी कीबोर्डपासून लांब ठेवून खाल्ली.

१७ जानेवारी, शनिवार

पगार. टास्क मॅनेजर बाजूला उघडा. सुरुवातीला सहाशेच्या आसपास, साठाव्या नावाला तेवढेच, ऐंशीला तेवढेच. अक्कांनी सवयीने दहा नावांनी सेव्ह केलं, मी अडवलं नाही. ११८ भरून झाली तेव्हा खातं साडेसहाशेच्या आत. छपाईच्या वेळी थोडं वर गेलं आणि परत खाली आलं. घेतलेलं परत करणं ते हेच.

वाळूचं घड्याळ दिसलं नाही. काकांनी पावत्यांवरची अक्षरी रक्कम आकड्याशी ताडून पाहिली, सगळ्या. मला वाटलं होतं पाच-दहा बघतील.

ज्याची ओळ ‘दोषी’ ठरली होती त्या विणकराचं नाव यादीत मूळ जागी परत नेलं.

१९ जानेवारी, सोमवार

उरलेलं. काकांच्या यंत्रावर ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर घातला, अ‍ॅक्सिलरेशनची खूण काढून पाहिली. जुन्या मॉनिटरवर ठीक, रुंदवर कोपऱ्यात अजून सावली राहते. खूण परत घातली. हिशेबाच्या शीटला चिपची मदत नसली तरी काही अडत नाही.

विंडोज १० आणि ऑफिस २०१६ या दोन्हींचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. पडण्याशी त्याचा संबंध नव्हता, हे अण्णांना स्पष्ट सांगितलं, नाहीतर ‘नवीन टाका’ म्हणत होतो तेच बरोबर होतं असं व्हायचं. पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत आणि त्याच यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात. अक्कांचं यंत्र मार्चच्या आत बदलायचं, असं ठरलं.

नावांचं युनिकोड : विणकाम विभाग झाला, शिलाई विभाग बाकी. काका रोज दुपारी दहा-पंधरा करतात. नव्या यादीत कामगार क्रमांक हाच धागा आहे, नाव फक्त दाखवण्यापुरतं, त्यामुळे राहिलेल्या नावांनी हिशेब अडत नाही.

अक्कांच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवली : बँकेच्या पानावरून काहीही घेतलं तर उजवं क्लिक, पेस्ट स्पेशल, टेक्स्ट. त्याखाली त्यांनी स्वतः पेनाने लिहिलं : काळी चौकट दिसली तर आधी टास्क मॅनेजर.

बिल दिलं. जुनी फाईल पेनड्राइव्हवर आहे, मार्चअखेरचा हिशेब जुळेपर्यंत पुसायची नाही.